इथलं पाणी कुठे गेलं? वाइड लेन्स, दोन फिल्टर आणि दुकानातला एक सल्ला



मागच्या ऑक्टोबरात मी आमच्या मॅडमसमोर लॅपटॉप उघडून बसले होते. पडद्यावर रत्नागिरीजवळच्या एका सड्याचे पावसाळाभर काढलेले फोटो होते. माझ्या पीएचडीचा विषय थोडक्यात असा: जांभ्याच्या सड्यावर पावसात जी उथळ डबकी साचतात ती किती दिवस टिकतात, आणि ती आटत जातात तशा त्यांच्या काठावरच्या वनस्पती कशा बदलतात. सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू ही सगळी मंडळी याच पाण्याच्या हिशोबावर जगतात. त्यामुळे दर आठवड्याला त्याच जागी उभं राहून, त्याच चौकटीत फोटो काढायचा आणि चौकटीतला किती भाग पाण्याखाली आहे हे संगणकाकडून मोजून घ्यायचं, अशी साधी पद्धत ठरवली होती.

ऑगस्टमधल्या एका फोटोवर मॅडम थांबल्या. म्हणाल्या, "अगं, इथलं पाणी कुठे गेलं? आदल्या आठवड्यात तर आहे."

पाणी कुठेही गेलं नव्हतं. त्या दिवशी मी घोट्यापर्यंतच्या पाण्यात उभी होते. पाणी फोटोतून गेलं होतं, आणि ते घालवणारी मीच होते. माझ्या १६ मिमीच्या वाइड लेन्सवर पोलरायझर होता आणि दर वेळी "छान दिसेल" तिथपर्यंत मी त्याची कडी फिरवत होते. एका पूर्ण पावसाळ्याचे फोटो एकमेकांशी तोलता येणार नाहीत, हे त्या दुपारी कळलं. सड्यावरचा पावसाळा पुन्हा यायला वर्ष लागतं. फेलोशिप तेवढी थांबत नाही.

म्हणून आजचा लेख फिल्टरांवर. "कोणता फिल्टर घ्यावा" या विषयावर सल्ल्यांचा तुटवडा नाही. पण त्यातले बरेचसे सल्ले एकमेकांचं ऐकून दिलेले असतात. मला दुकानात मिळालेला सल्ला असा होता: "वाइड लेन्स आहे ना, मग संरक्षणाला एक यूव्ही लावून टाका आणि एक सीपीएल घ्या, आकाश मस्त निळं येतं." तुम्हालाही बहुधा हेच सांगितलं गेलं असेल. या एका वाक्यात तीन दावे आहेत. तिन्ही तपासून पाहू.

दावा पहिला: यूव्ही फिल्टर

फिल्मच्या काळात या फिल्टरला खरं काम होतं. फिल्मचा निळ्या रंगाला संवेदनशील असलेला थर अतिनील किरणांनाही प्रतिसाद द्यायचा, त्यामुळे उंच डोंगरावर किंवा दूरच्या देखाव्यात निळसर धुरकटपणा यायचा. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढेच अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर बसवलेला असतो, शिवाय लेन्सची काचही बराचसा अतिनील प्रकाश गिळते. म्हणजे आज यूव्ही फिल्टर घेतो तेव्हा आपण प्रत्यक्षात एक सपाट पारदर्शक काच घेत असतो. नाव यूव्ही, काम झाकणाचं. हे माहीत असेल तर जास्त अतिनील किरण अडवतो म्हणून महाग, अशा फिल्टरला पैसे द्यायचं कारण उरत नाही.

दावा दुसरा: संरक्षण

संरक्षण कशापासून, हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. मीही विचारला नाही.

उडून येणाऱ्या गोष्टींपासून असेल तर फिल्टर खरोखर कामाचा आहे. किनाऱ्यावरचे खारट तुषार, वाळू, जेजुरीच्या गडावर उधळला जाणारा भंडारा. अशा ठिकाणी लेन्सची पुढची काच पुन्हा पुन्हा पुसण्यापेक्षा फिल्टर काढून नळाखाली धुणं केव्हाही बरं. काही लेन्सना तर त्याची गरजच असते. कॅननच्या ईएफ १७-४० एफ/४ एल या वाइड लेन्सची धूळ-पाण्यापासूनची बंदिस्ती पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होते, असं कंपनीच सांगते.

लेन्स पडण्यापासून संरक्षण हवं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. फिल्टरची काच एक-दोन मिलिमीटर जाडीची, लेन्सची पुढची काच तिच्यापेक्षा कितीतरी दणकट. फिल्टर फुटला म्हणजे त्याने लेन्स वाचवली असं आपण समजतो. पण ज्या धक्क्याने फिल्टर फुटतो तो लेन्सच्या काचेने सहज पचवला असता, असं बऱ्याचदा असतं. उलट फुटलेल्या काचेच्या धारदार कडांनीच ओरखडे पडू शकतात. धक्क्यासाठी हूड बरा. वाइड लेन्सचा हूड उथळ असतो, उन्हापासून सावली फारशी देत नाही, पण जमिनीवर आधी आपटतो तोच.

आणि बुरशी? कोकणात राहणाऱ्यांची खरी भीती तीच. तिच्यावर फिल्टरचा काही उपयोग नाही. बुरशी ओलाव्याने येते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि लेन्स वापरत राहणं, हाच त्यावरचा उपाय.

आता या काचेची किंमत. रुपयांतली नव्हे, प्रकाशातली. साध्या, कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. पृष्ठभाग दोन, म्हणजे ८ टक्के. चांगल्या बहुस्तरीय कोटिंगने हे प्रमाण दर पृष्ठभागाला अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं. प्रकाश कमी होतो ही यातली छोटी अडचण. हा परावर्तित प्रकाश कुठे जातो, ही मोठी. सेन्सरवरून उलटा निघालेला प्रकाश सपाट फिल्टरच्या पाठीवर आपटून पुन्हा सेन्सरवर येतो आणि दिव्यांची भुतं तयार होतात. दिवाळीत आकाशकंदिलांचा वाइड फोटो काढा. डावीकडे वर खरा कंदील असेल तर उजवीकडे खाली, बरोबर मध्यबिंदूपलीकडे, त्याची फिकट प्रतिमा दिसेल. लेन्स खराब नाही, फिल्टर काढा.

थोडक्यात, संरक्षक फिल्टर कायमचा लावून ठेवायची वस्तू नाही. किनारा, भंडारा, धुळीचा रस्ता असेल तर लावा. रात्र, दिवे, समोर सूर्य असेल तर काढा. मी स्वतः तो आता बॅगेतच ठेवते.

दावा तिसरा: आकाश मस्त निळं येतं

इथे थोडं भौतिकशास्त्र लागेल, पण घाबरू नका, एका हाताने जमण्यासारखं आहे. तर्जनी सूर्याकडे धरा आणि अंगठा तिच्याशी काटकोनात ताणा. आता तर्जनी सूर्यावरच ठेवून मनगट फिरवा. अंगठा आकाशात जो पट्टा रेखेल, तिथला निळा प्रकाश सर्वांत जास्त ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपनं बरीचशी एकाच दिशेत असतात. पोलरायझर ती दिशा अडवू शकतो, म्हणून तिथलं आकाश गडद होतं. सूर्याच्या जवळ किंवा थेट विरुद्ध दिशेला हे ध्रुवीकरण जवळजवळ नसतंच, त्यामुळे पोलरायझर कितीही फिरवला तरी तिथे फरक पडत नाही.

आता लेन्स बघा. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर १६ मिमीची लेन्स आडवं सुमारे ९७ अंश बघते. २४ मिमीची ७४ अंश. म्हणजे १६ मिमीच्या एका चौकटीत सर्वांत गडद पट्टा आणि अजिबात गडद न होणारा भाग, दोन्ही एकदम मावतात. सूर्योदयाला उत्तरेकडे तोंड करून उभे राहा: गडद पट्टा चौकटीच्या मधोमध उभा आणि दोन्ही बाजूंना फिकट आकाश. जणू कोणी आकाशावर निळ्या शाईचा ब्रश उभा फिरवलाय. फिल्टर कितीही महागाचा असो, हे टळत नाही, कारण दोष फिल्टरचा नाही. आकाशच तसं आहे, आणि अरुंद लेन्सला त्यातला एवढासाच तुकडा दिसतो म्हणून ते लपतं.

"वाइड लेन्सवर पोलरायझर लावू नका" असा जो दुसरा सल्ला ऐकू येतो तो यावरूनच आलाय. पण तोही आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही. इंग्लंडमध्ये सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. रत्नागिरीत तो मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला भर दुपारी अगदी माथ्यावर असतो. तेव्हा काटकोनातला पट्टा क्षितिजावर सगळीकडे आडवा पसरतो आणि १६ मिमीलाही आकाश डावीकडून उजवीकडे एकसारखं मिळतं, फक्त वर जाताना फिकट होत जातं. अर्थात ऑगस्टात आकाश दिसलं तर! ढगाळ आकाशाचं ध्रुवीकरण फारच कमी असतं. म्हणजे आपल्या पावसाळ्यात "आकाश निळं येतं" हे पोलरायझर घेण्याचं कारणच होऊ शकत नाही.

इंद्रधनुष्याचंही असंच. त्याची त्रिज्या सुमारे ४२ अंश, म्हणून अख्खी कमान पकडायला वाइड लेन्सच लागते. पण कमानीचा प्रकाश तिच्या वळणाच्या दिशेत ध्रुवित असतो. पोलरायझरची कडी एका बाजूला फिरवली तर कमानीचा माथा पुसला जातो, दुसऱ्या बाजूला फिरवली तर पाय. पूर्ण इंद्रधनुष्य हवं असेल तर फिल्टर काढून ठेवा.

मग पोलरायझर कशासाठी?

ओल्या गोष्टींसाठी. पावसात भिजलेलं पान फोटोत हिरवं न दिसता पांढुरकं दिसतं, कारण त्याच्या पृष्ठभागावर आकाश चकाकत असतं. ओल्या कातळाचंही तेच. ही चकाकी काढली की खालचा खरा रंग दिसतो. पाण्यासाठी तर एक ठरलेला कोन आहे, ब्रूस्टरचा. लंबापासून सुमारे ५३ अंशांवरून पाण्याकडे पाहिलं तर परावर्तित प्रकाश पूर्णपणे ध्रुवित असतो आणि पोलरायझर तो अख्खा अडवू शकतो. पाणी काचेसारखं नितळ होऊन तळ दिसू लागतो. धातूवरची चकाकी मात्र अशी जात नाही. मंदिराच्या पितळी कळसावर पोलरायझर फिरवत बसू नका.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये हेच केलं होतं. इंग्लंडहून नारकुंडा बोटीने मुंबईला येताना त्यांच्यापाशी निकोलचा प्रिझम होता, म्हणजे त्या काळचा पोलरायझर. समुद्राची निळाई हे आकाशाचंच प्रतिबिंब आहे, असं लॉर्ड रॅले यांचं मत होतं. रामन यांनी योग्य कोनातून प्रिझममधून पाहून पृष्ठभागावरचं प्रतिबिंब घालवलं, तरी निळा रंग उरलाच. तो पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचा होता. १९३० च्या नोबेलपर्यंत गेलेली वाट इथून पुढची आहे. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की आपण कोणता प्रकाश नाकारतोय आणि कोणत्या कोनातून, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

मला ठाऊक नव्हतं. मी उभ्याने, कॅमेरा क्षितिजापासून साधारण ४० अंश खाली झुकवून फोटो काढत होते. १६ मिमीची लेन्स उभ्या दिशेत सुमारे ७४ अंश बघते. म्हणजे माझ्या पायाजवळचं पाणी लंबापासून १३ अंशांवर, चौकटीच्या माथ्याजवळचं ८७ अंशांवर, आणि ब्रूस्टरचा कोन बरोबर मधल्या पट्ट्यात. त्या पट्ट्यातली डबकी नितळ होऊन तळाचा तांबूस जांभा दिसत होता, तर लांबची डबकी आकाशासारखी पांढरी. कोपऱ्यांकडे चकाकीच्या कंपनांची दिशाही तिरकी होते, त्यामुळे तिथे तिसराच प्रकार. संगणकाला मी "चकाकतं ते पाणी" असं शिकवलं होतं. त्याने मधल्या डबक्यांना इमानदारीने कातळ म्हटलं.

आणि कडी दर आठवड्याला वेगळ्या जागी! म्हणजे चूक निदान एकसारखी असती तर दुरुस्त करता आली असती, तीही सोय नाही.

विकत घेताना

एवढं समजल्यावर निवड सोपी होते. "अठरा थरांचं नॅनो कोटिंग" असल्या पाट्या वाचू नका, पुढच्या गोष्टी दुकानातच करून बघा.

फिल्टर ट्यूबलाइटखाली धरून तिचं प्रतिबिंब बघा. ते लख्ख पांढरं असेल तर कोटिंग नावापुरतं. मंद हिरवट किंवा जांभळट असेल तर ठीक.

पोलरायझर लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यासमोर डोळ्याला लावून फिरवा, कॅमेऱ्याकडची बाजू डोळ्याकडे ठेवून. एका स्थितीत पडदा जवळजवळ काळा व्हायला हवा. तिथे करडा किंवा गडद निळा रंग बराच शिल्लक राहिला तर फिल्टर कच्चा. आता फिल्टर उलटा धरा. पडदा काळा न होता फक्त रंगछटा किंचित बदलली, तर तो वर्तुळाकार पोलरायझर, म्हणजे सीपीएल. त्याच्या पाठीमागे एक जास्तीचा थर असतो. एसएलआर कॅमेऱ्यांच्या अर्धपारदर्शक आरशांमुळे प्रकाशमापन आणि फोकस चुकू नये म्हणून तो घातला गेला. मिररलेस कॅमेऱ्यात तो आरसा नाही, त्यामुळे जुना साधा पोलरायझर घरात असेल तर फेकू नका, आधी लावून बघा.

मग फिल्टर लेन्सवर चढवा. लेन्स सर्वांत वाइड करा, फोकस लांबवर, छिद्र सर्वांत लहान, आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. कोपरे काळे आले तर कडी जाड आहे. वाइड लेन्ससाठी पातळ कडीचा घ्या, पण काही पातळ कड्यांना पुढच्या बाजूला आटे नसतात आणि लेन्सचं झाकण बसत नाही, तेही बघा. संरक्षक फिल्टरवरच पोलरायझर चढवू नका. दोन कड्या म्हणजे काळे कोपरे आणि चार पृष्ठभाग.

दोन-तीन लेन्स असतील तर सर्वांत मोठ्या आट्यांचा, म्हणजे ७७ किंवा ८२ मिमीचा एकच चांगला पोलरायझर घेऊन बाकीच्यांना स्टेप-अप रिंग लावणं परवडतं. बदल्यात त्या लेन्सांचा हूड बसत नाही. निकॉनच्या १४-२४ एफ/२.८ जी सारख्या फुगीर काचेच्या लेन्सला तर पुढे आटेच नाहीत. तिथे मोठी चौकट आणि मोठी काच लागते, आणि माझ्या मते पोलरायझरसाठी तो खर्च करू नये.

शेवटचं म्हणजे पोलरायझर दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो. १/६० चा शटर १/१५ होतो. पावसाळी संध्याकाळी, वाऱ्यावर डुलणाऱ्या गेंदांसाठी हा फरक मोठा आहे.

आता मी काय करते

पोलरायझरच्या कडीवर नेलपॉलिशचा एक ठिपका दिलाय. ओल्या फरशीवरची चकाकी जिथे पूर्ण जाते, त्या स्थितीत कडीवर जो बिंदू सर्वांत वर येतो, तिथे. सड्यावर प्रत्येक जागी दोन फोटो काढते, एक ठिपका वर ठेवून आणि एक ठिपका आडवा ठेवून. एक्स्पोजर हाताने पक्कं केलेलं, दोन्हींना तेच. पहिल्यात पाण्याची चकाकी नाही, दुसऱ्यात आहे. दोन्हींची वजाबाकी केली की पाणी असलेले भाग उजळून उठतात. जी चकाकी मी "फोटो बिघडवते" म्हणून फेकत होते, तीच माझी मोजणी होती.

हे फक्त ब्रूस्टरच्या कोनाच्या आसपासच नीट चालतं, म्हणून १६ मिमीच्या एका फोटोऐवजी ३५ मिमीचे तीन फोटो शेजारी शेजारी काढते. वहीत तारीख आणि वेळेच्या पुढे दोन नवे रकाने आलेत: फिल्टर कोणता, आणि ठिपका कुठे.

तुम्ही सहलीचे फोटो काढत असाल तर तुम्हाला वहीची गरज नाही. मनाला येईल तिथे कडी थांबवा, तोच तर आनंद आहे. पण तुमच्या फोटोतून कोणी काही मोजणार असेल, झाडं, पाणी, कातळशिल्पं, काहीही, तर कडी कुठे होती ते लिहून ठेवा.

गेल्या पावसाळ्याचे फोटो मी टाकून दिलेले नाहीत. पाण्यासाठी ते गेले ते गेले. पण चकाकी नसल्यामुळे त्यांत काठावरची फुलं फार स्वच्छ दिसतात आणि ती मोजता येतात. मॅडम म्हणाल्या, "चल, एक प्रकरण तरी निघेल." त्या मोजणीबद्दल पुढच्या वेळी.